मशीनमधला शेवटचा रकाना

आमच्या घरात फुंकण्याचा धंदा दोघांचा. मी लालबागच्या एका बेंजो पार्टीत ट्रम्पेट फुंकतो आणि माझी धाकटी बहीण मित्रा लहान मुलांना मशीनमध्ये फुंकायला लावते. मी फुंकलं की लोक नाचतात, तिने फुंकायला लावलं की मुलं बरी होतात. तिचं पूर्ण नाव डॉक्टर संघमित्रा दत्ताराम गमरे. लहान मुलांच्या फुप्फुसांची डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो हे मला ती झाल्यावरच कळलं. तोपर्यंत माझ्या लेखी खोकला म्हणजे आल्याचा रस आणि मध, संपला विषय.

मी फुशारकी मारणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला सोसत नसेल त्याने पान उलटावं. माझ्या बहिणीबद्दल मी विनयाने बोलू शकत नाही आणि मला बोलायचंही नाही.

लालबागहून चिंचपोकळीकडे जाताना आमच्या दोन चाळी समोरासमोर आहेत. एकीत आम्ही बौद्ध, दुसरीत मालवणाकडची मंडळी. मधलं पटांगण जयंतीला आमचं, गणपतीत त्यांचं आणि एरवी पोरांचं. मी दोन्हीकडे वाजवतो, त्यामुळे माझ्याशी भांडण कोणालाच परवडत नाही.

आमचे बाबा, दत्ताराम गमरे, गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस पिंजला जायचा आणि हवेत त्याचा असा भुगा उडायचा की पलीकडचा माणूस पांढरा दिसायचा. त्यांचे वडीलही गिरणीतच. पण आजोबांना साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, कधी पाऊल ठेवू दिलं नाही. साचेवाल्याला धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि त्या काळी आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नसे. ही गोष्ट बाबांनी आम्हाला पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती. सांगून झाली की ते म्हणायचे, "जन्मानेच कमी ठरवून टाकलं होतं रे आपल्याला. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं आणि बेंजो पार्टीत गेलो. मित्राने ध्यानात ठेवलं आणि अभ्यासाला बसली. परळची महापालिकेची शाळा, संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा, मग मेडिकल, मग लहान मुलांची डॉक्टर. मी पटांगणात रियाज करायचो तेव्हा ती वरून ओरडायची, "दादा, लांब जाऊन मर!" मी आणखी जोरात वाजवायचो. तिची एकाग्रता वाढली ती माझ्यामुळे, असं माझं मत आहे. ती मान्य करत नाही.

पुढे ती मुलांच्या फुप्फुसांचं शिकायला लंडनला गेली. तिथून एकदा तिचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"दादा, इथे पण रकाना आहे रे."

"कसला रकाना?"

तिने सांगितलं ते मला दोनदा ऐकून समजलं. फुप्फुसात किती दम आहे ते मोजायचं एक मशीन असतं. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा एका दमात बाहेर फेकायचा. आधी मशीनला उंची सांगायची, वय सांगायचं, मुलगा की मुलगी ते सांगायचं. मग मशीन ठरवतं, या माणसाने एवढं फुंकायला पाहिजे. पण त्याच्याही नंतर एक शेवटचा रकाना येतो. वंश. तिथे भारतीय निवडलं की मशीन गुपचूप अपेक्षाच कमी करतं. शिकाऊ डॉक्टर एकमेकांवर मशीन चालवून बघत होते. मित्राने फुंकलं, मशीन म्हणालं उत्तम. मग कोणीतरी गंमत म्हणून तो रकाना बदलून गोऱ्या बाईचा केला, तर तीच फुंक एकदम जेमतेम झाली.

"म्हणजे तू पास की नापास?" मी विचारलं.

"तोच प्रश्न आहे ना! आपण कमीच फुंकणार असं त्यांनी आधी धरलंय. मग खरंच कमी फुंकणारं पोर आजारी आहे हे कळणार कोणाला? ते आपलं नॉर्मल म्हणून घरी जाणार."

मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं, शीक आणि परत ये."

ती परत आली आणि परळच्या एका इस्पितळात लागली. लंडनलाच राहिली असती तर आज कुठल्या कुठे असती, असं तिचे मित्र म्हणतात. आमच्यासाठी परळ म्हणजेच कुठल्या कुठे. पांढऱ्या कोटात ती पहिल्यांदा चाळीच्या जिन्यात दिसली तेव्हा मला बोलता येईना, म्हणून मी ट्रम्पेट काढला. सगळी चाळ गॅलरीत आली. तिने मला सगळ्यांदेखत चिमटा काढला.

इस्पितळातही तो रकाना होताच. मशीन तसंच येतं, त्यात इस्पितळाचा काही दोष नाही. आणि एक दिवस त्या मशीनपुढे आमच्या समोरच्या चाळीतली नम्रता परब येऊन बसली.

नम्रता तेव्हा तिसरीत होती. तिला माझ्याकडे ट्रम्पेट शिकायचा होता. पोरगी जिद्दीची, पण फुंकली की नुसती हवा सुटायची, सूर निघायचाच नाही, आणि लगेच ती पायरीवर बसून धापा टाकायची. मी तिला म्हटलं होतं, "आधी भाकरी खा, मग ये." मला काय ठाऊक तिच्या छातीत काय चाललंय. आमच्या चाळींच्या दोन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून टॉवर चढतायत. घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. सगळीच पोरं खोकतात, तशी ही खोकते, असं आम्ही धरून चाललो होतो.

मित्राने तिला तपासून दमा सांगितला आणि रोज घ्यायचा पंप दिला. पण मशीनच्या कागदावर छापून आलं होतं, नॉर्मल. नम्रताची आजी रमाबाई हिने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि पंप कपाटात.

"मशीनान पास केला मा? मग पंप कित्याक?" रमाबाई मित्राला म्हणाली. "एकदा पंप लागलो काय सुटना नाय. उद्या चेडवाक बघूक येतीत, तेंका काय सांगू?"

नम्रताची आई दर्शना मागे उभी राहून नाही नाही अशी मान हलवत होती, पण सासूपुढे बोलायची हिंमत नव्हती. मित्रा समजावून थकली. ज्या मशीनवर तिची सगळी डॉक्टरी, तेच तिच्या विरोधात साक्ष देत होतं. तिने इस्पितळात जाऊन नम्रताचीच फुंक रकान्याची वजाबाकी काढून पुन्हा बघितली. कागद म्हणाला, कमी. चांगलीच कमी. पण असा कागद इस्पितळाच्या नियमात बसत नव्हता.

तिचे विभागप्रमुख पाठारे सर भला माणूस. ते म्हणाले, "गमरे, तुझं पटतंय मला. पण तू रागावलीस म्हणून रकाना जाणार नाही. पुस्तक असंच सांगतं. आपल्या मुलांचे आकडे आण, मग पुस्तकाशी भांडू. मी तुझ्या बाजूला उभा राहीन."

मित्राने ते काम हाती घेतलं. लालबाग, परळ, दादर, प्रभादेवी, गिरगाव, सगळीकडच्या मुलांना फुंकायला लावायचं. मोकळ्या वाऱ्यातल्या, समुद्राकाठच्या इमारतींतली, खाऊनपिऊन सुखी मुलं आणि धुळीतल्या चाळींतली मुलं. चांगल्या हवेतली आपली मुलं जर वजाबाकीशिवाय मशीनच्या अपेक्षेला पोचली, तर कमीपणा जन्माचा नाही हे सिद्ध. आणि चाळीतली मागे पडली, तर ती कशाने मागे पडली तेही सिद्ध. देशभरातले छातीचे डॉक्टर दर वर्षी परिषद भरवतात. तिथे हे मांडायचं आणि निदान आपल्या इस्पितळातून तरी तो रकाना काढायचा.

अट एकच. मुलं निवडायची नाहीत. सगळ्यांची नावं डब्यात, चिठ्ठी निघेल ते पोर येणार. खोकणारं असलं तरी, पैलवान असलं तरी.

गिरगावात, दादरला काम झकास झालं. मुलांना फुंकायला शिकवायला ती मला घेऊन जायची. मी गाल फुगवून दाखवायचो, पोरं हसायची आणि मग घसा फाडून मी ओरडायचो, "फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून!" ती म्हणायची, आयुष्यात पहिल्यांदा तुझा आवाज कामाला आला.

आमच्या चाळींची पाळी आली तेव्हा मात्र तिने स्वतःला बाजूला काढलं. "माझ्या घरची मोजणी मी केली तर लोक म्हणतील, बाईने आकडे फिरवले. वैभव करेल." वैभव तिचा मशीन चालवणारा, नाशिकहून नुकताच आलेला पोरगा. चाळीतल्या कोणालाही तो ओळखत नव्हता. नावं गोळा करून मुलांना हजर करायचं काम बाबांनी मागून घेतलं. चाळ कमिटीचे ते अध्यक्ष, दोन्हीकडे त्यांचा शब्द चालतो. आणि नेमक्या त्याच दिवशी बाबांनी मला ठाकूरद्वारला मामीकडे पाठवलं, तिचा माळा साफ करायला. मामीचा माळा तोवर कोणाला आठवला नव्हता.

आकडे आले आणि चाळीत जयंती आणि गणपती एकदम आल्यासारखं झालं. आमच्या चाळींची पोरं सगळ्यांत वर! प्रभादेवीच्या नव्या इमारतींतल्या पोरांपेक्षाही वर. बाबांनी दोन्ही चाळींत पेढे वाटले. मी पटांगणात पाऊण तास वाजवलं. रमाबाई गॅलरीतून ओरडली, "सांगलंय नाय मी? आमच्या पोरांक काय्येक झालेला नाय!"

मित्राही आधी हसली. मग जेवताना आईने वाढलेल्या भाताला तिने हातच लावला नाही.

"दादा," ती म्हणाली, "आपल्या टेबलावर धुळीत नाव लिहिता येतं. मग आपली पोरं समुद्राकाठच्या पोरांपेक्षा वर कशी?"

"दम आहे आपल्यात," मी म्हटलं.

"दम आहे. पण हवा तीच आहे ना?"

बाबांनी भाताचा घास घेतला आणि खाली बघून चावत राहिले. मला तेव्हा काही लक्षात आलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे बाबांना ठाऊक आहे, म्हणून मला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

फोडलं ते नम्रताने. दुसऱ्या दिवशी मित्रा इस्पितळात निघाली तेव्हा पोरगी पायरीवर धापा टाकत बसली होती. मित्राने सहज विचारलं, "काय गं, परवा तर छान फुंकलंस म्हणे. एवढा मोठा आकडा!"

"मी कुठे फुंकलं?" नम्रता म्हणाली. "माझी चिठ्ठी निघाली ना, पण आजोबा म्हणाले तू बस घरी. माझ्या नावावर प्राची फुंकून आली."

आजोबा म्हणजे आमचे बाबा. चाळीतल्या सगळ्या पोरांचे ते आजोबाच. आणि प्राची म्हणजे आमच्या लेझीम पथकाची कॅप्टन, जी तीन मजले पळत चढते आणि वर जाऊन शिट्टी वाजवते. मित्राने तिथेच उभ्या उभ्या चौकशी केली. जितकी खोकणारी पोरं चिठ्ठीत निघाली होती, त्या सगळ्यांच्या जागी बाबांनी लेझीमवाले, मल्लखांबवाले आणि दहीहंडीच्या वरच्या थरातले गोविंदा बसवले होते. उंचीला उंची जुळवून! वर आठवडाभर, आम्ही भावंडं बाहेर असताना, पटांगणात फुगे फुगवायची तालीम घेतली होती. एकही आई बोलली नाही. दोन्ही चाळींनी मिळून इतक्या एकीने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

मित्रा इस्पितळात गेलीच नाही. उलट्या पावली घरात आली. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, नम्रताला घरी का बसवलंत?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, नुसतं करणं जमलं होतं. "मग काय करू? तिला पाठवून आपलीच पोरं कमी आहेत असं छापून घेऊ? तूच म्हणालीस ना, मशीन आपल्याला कमी धरतं? दाखवली मग भरून! माझ्या बापाला कमी म्हणाले, मला कमी म्हणाले. माझ्या हयातीत माझ्या पटांगणातलं एक पोर कोणी कमी म्हणून लिहून नेणार नाही."

बोलता बोलता त्यांना धाप लागली. ते खोकले. मित्राने तांब्या पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता, "मशीन नम्रताला नॉर्मल म्हणतं, कारण आपल्या पोरांकडून त्याला जास्तीची अपेक्षाच नाही. आणि तुम्हीही तिला नॉर्मलच केलंत. त्यांनी आपल्याला कमी समजून केलं, तुम्ही मायेने केलंत. पोरगी मात्र दोन्हीकडून बिनऔषधाची राहिली."

बाबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी मध्ये पडलो. मला तर मित्राचाच राग आला होता. म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात? मी म्हटलं, "अगं, इतक्या मुलांत आपली मूठभर. कोणाला कळणार आहे? परिषद महिन्यावर आली. सोडून दे ना."

"मला कळलंय," ती म्हणाली.

तिने आमच्या वॉर्डाची सगळी मोजणी रद्द केली. फक्त चाळीची नव्हे, अख्ख्या वॉर्डाची, कारण आता तिला कशाचाच भरवसा वाटेना. पाठारे सरांना जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या वर्षीच्या परिषदेतून नाव मागे घेतलं. तिच्याबरोबर शिकलेल्या एका बाईने त्याच परिषदेत भाषण केलं आणि फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मित्राने तो फोटो बघून "छान" असं लिहून पाठवलं. मी असतो तर मोबाइल फोडला असता.

बाबा तिच्याशी बोलेनात. तीही हट्टी, त्यांचीच मुलगी. घरात दोघं माझ्यामार्फत बोलायची. "राजरत्न, तिला विचार चहा घेणार का." ती समोरच बसलेली असायची.

पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. रविवारी सकाळी वैभवने पटांगणात टेबल मांडलं, मशीन लावलं आणि बसून राहिला. कोणी येईना. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या, पण जिना कोणी उतरेना. ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांना आता पोरं कमी दाखवायला पाठवायची होती. दर्शना नम्रताचा हात धरून दारात उभी, आणि तिच्यापुढे रमाबाई उंबरठ्यावर आडवी. मित्रा ठरल्याप्रमाणे मोजणीपासून लांब, पटांगणाच्या कडेला विहाराच्या पायरीवर बसली होती. तिचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, आता ट्रम्पेट काढावा का? पण कुठली धून वाजवणार.

तेवढ्यात बाबा जिना उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, जयंतीला घालतात तो. सरळ टेबलापाशी गेले आणि खुर्चीत बसले.

"लाव," ते वैभवला म्हणाले.

"काका, हे लहान मुलांचं…"

"मोठ्यांचं पण मोजतं ना? मग लाव. तो शेवटचा रकाना असतो ना, त्यात वजाबाकी करायची नाही. पूर्ण माणसाचं धरायचं."

वैभवने मित्राकडे बघितलं. तिने मान डोलावली. त्याने नवी नळी लावली. बाबांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली, आणि गॅलरीकडे बघत मोठ्याने म्हणाले, "माझ्या बापाला गिरणीत तोंडाने धागा ओढू दिला नाही. आज माझी पोरगी म्हणते, सगळ्यांनी तोंड लावा. मी लावतो."

मग त्यांनी फुंकलं. मी धावत गेलो आणि कानाशी ओरडू लागलो, "फुंका बाबा, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. फुंक मध्येच तुटली. ते खोकत खोकत खुर्चीवर वाकले. मित्रा पायरीवरून उठली होती, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"वाच," ते वैभवला म्हणाले. "मोठ्याने वाच."

वैभवने कसाबसा आकडा वाचला. असायला पाहिजे त्याच्या जेमतेम निम्मा.

बाबांनी श्वास जागेवर येऊ दिला. उभे राहिले. मग दोन्ही चाळींकडे आळीपाळीने बघत ते बोलले. त्यांना सगळे ऐकू शकतील इतका दम उरला नव्हता, म्हणून लोकच गप्प राहून ऐकत होते.

"ऐकलात? निम्मा. हे मी जन्माला येताना आणलं नाही. जन्मलो तेव्हा माझी छाती पूर्ण होती. ही कार्डिंग खात्याने खाल्ली. तेव्हा कोणी मोजली नाही, म्हणून कोणाला जाब विचारता आला नाही. मला मोजणारं कोणी नव्हतं. ह्या पोरांना आहे. मी ते झाकायला निघालो होतो, माझं चुकलं. आता ज्याची चिठ्ठी निघाली असेल त्याने खाली यावं. खोकणाऱ्याने आधी यावं."

मग समोरच्या गॅलरीत रमाबाईने उंबरठ्यावरून पाय काढला. दर्शनाच्या हातातून नातीचा हात घेतला आणि जिना उतरली. टेबलाशी आल्यावर तिने बाबांकडे बघितलं. तिचा नवराही त्याच गिरणीत होता, साचेखात्यात. दम लागूनच गेला.

"आमच्या ह्यांची पण मोजूक व्हयी होती ओ दत्तादादा," ती म्हणाली. आणि नातीला खुर्चीत बसवून, "फूक गो बाय. जा काय असात ता असांदे."

नम्रताने फुंकलं. आकडा कमी आला. रमाबाईने तो कागद नीट घडी करून घेतला, वर गेली आणि कपाटातून पंप काढला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत पोरं उतरत होती.

त्या रात्री जेवायला बसल्यावर बाबा म्हणाले, "मित्रा, चहा घेणार का?" भाताच्या ताटावर! ती म्हणाली, "घेईन." आणि दोघंही हसायला लागली. मी एकटाच रडलो.

पुढच्या वर्षीची परिषद दादरलाच भरली, म्हणून आम्हाला जाता आलं. बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिथे मोठ्या डॉक्टरांची नावं चिकटवलेली होती, पण त्यांना उठवायची कोणाची टाप नव्हती. मित्रा बोलली ते सगळं मला कळलं नाही, पण मुद्दा कळला. चांगल्या हवेत भरल्या पोटी वाढलेली आपली मुलं वजाबाकीशिवाय अपेक्षेला पोचली होती. आमची चाळीतली पोरं मागे पडली होती. जात, वंश काही लावा, फरक धुळीचा आणि ताटाचा होता. आणि वजाबाकीमुळे कितीतरी नम्रता नॉर्मल होऊन घरी गेल्या होत्या.

प्रश्नोत्तरांत दिल्लीचे एक वयस्कर डॉक्टर उठले. म्हणाले, "तुम्ही एका वॉर्डाचे आकडे आधी घेऊन रद्द केले, असं लिहिलंय. ते आकडे तर म्हणे फारच चांगले होते. मग का?"

बाबांनी मान खाली घातली.

मित्रा म्हणाली, "कारण त्या आकड्यांत सगळ्यात आजारी मुलं नव्हती, सर. लोकांनी ती मायेपोटी मागे ठेवली होती. कमी ठरवलं जाण्याची त्यांना फार जुनी सवय आहे, म्हणून. दुसऱ्या वेळी ज्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा आकडा सगळ्यांसमोर वाचायला लावला, ते पहिल्या रांगेत बसलेत. माझे वडील. दत्ताराम गमरे, कार्डिंग खातं."

ते वयस्कर डॉक्टर बाबांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. मग सभागृह उभं राहिलं. मी किती लग्नांत, किती मिरवणुकांत वाजवलं असेल, पण टाळ्यांचा असा आवाज मी ऐकलेला नाही. बाबा उठले, सदरा खाली ओढून सारखा केला आणि परत बसले. छाती निम्मी असूनही पुढे काढलेली होती. माझ्या बापाचा आणि बहिणीचा मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी डॉक्टरला मिठी मारली.

पुस्तकं काही एका दिवसात बदलत नाहीत. पण पाठारे सरांनी शब्द पाळला आणि मित्राच्या विभागातल्या मशीनवरून ती वजाबाकी त्याच महिन्यात गेली. आता दुसऱ्या इस्पितळांचे डॉक्टर तिला विचारायला येतात. ती दुपारचा डबा खायला विसरते आणि आईच्या शिव्या खाते.

परवाची गोष्ट. मी पटांगणात ट्रम्पेट पुसत बसलो होतो. नम्रता आली. पाचवीत गेलीय आता, पंप न चुकता घेते, रमाबाई स्वतः समोर उभी राहून घ्यायला लावते. तिने न विचारता माझ्या हातातून ट्रम्पेट घेतला, पाय रोवून उभी राहिली आणि फुंकली.

सूर निघाला. बेसूर, फाटका, पण निघाला, आणि थांबेचना. विहाराच्या कठड्यावरून बाबांनी चष्मा वर केला. रमाबाई गॅलरीत आली. फाटकातून मित्रा इस्पितळातून येत होती, ती पिशवी हातात धरून जागच्या जागी थांबली. पोरगी लाल होईपर्यंत फुंकत राहिली.

"दादा," मित्रा म्हणाली, "पोरगी बेसूर वाजवतेय."

"वाजवू दे," बाबा म्हणाले. "पूर्ण होऊ दे तिचं."